बदलापूरला घर घ्यायचं ठरतंय, पण रोजचा प्रवास कोणाच्या वाट्याला?

पत्र थोडं छोटं करून देतेय.

"ताई नमस्कार. आम्ही डोंबिवलीत भाड्याने राहतो, भाडं १४ हजार. मिस्टर अंबरनाथ एमआयडीसीत आहेत, मी मुलुंडला एका खाजगी हॉस्पिटलमध्ये नर्स आहे (तिन्ही शिफ्ट असतात, आत्ता दारापासून दारापर्यंत ५० मिनिटं लागतात). मुलगी जूनमध्ये तिसरीत जाईल. सासूबाई आमच्याकडेच असतात, त्यांचे गुडघे दुखतात. दोघांचा मिळून हातात पगार ७८ हजार, साठवलेले ९ लाख. बदलापूर वेस्टला नदीच्या बाजूला नवीन कॉम्प्लेक्स होतोय, सहाव्या मजल्यावरचा टू बीएचके ४२ लाखांना, पझेशन डिसेंबर २०२८. अक्षय्य तृतीयेपर्यंत १ लाख टोकन दिलं तर पार्किंगमध्ये डिस्काउंट आहे. मेट्रो येणार, हायवे येणार, भाव दुप्पट होणार असं सेल्सवाले सांगतात आणि मिस्टरांना ते पटलंय. मला इस्टला स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर ११ वर्षं जुन्या बिल्डिंगमधला वन बीएचके बरा वाटला, ३४ लाख सांगतायत. मिस्टर म्हणतात जुन्यात पैसे कशाला घालायचे. मी जरा थांबूया म्हटलं की सासूबाई म्हणतात स्वतःचं छप्पर नको का. रोज वाद होतोय. कोण बरोबर? आणि घर कोणाच्या नावावर घ्यावं तेही सांगा."

ताई, तुमच्या पत्रात भाव आहे, मेट्रो आहे, डिस्काउंट आहे, सासूबाईंचे गुडघे आहेत, पण तुमचा स्वतःचा प्रवास तुम्ही कंसात टाकलाय. मला सगळ्यात जास्त तेच खटकलं. कारण या व्यवहारात रोज जास्तीचं काही द्यावं लागणार असेल तर ते तुम्हाला द्यावं लागणार आहे, आणि तुमच्या घरात त्याची चर्चाच झालेली दिसत नाही. मिस्टरांना बदलापूरहून अंबरनाथ म्हणजे पुढचंच स्टेशन, त्यांचा वेळ वाचेल, चांगलंच आहे. तुमचं मुलुंडचं अंतर मात्र दुपटीच्या वर जातंय. बदलापूरहून फास्ट धरली तरी ठाण्याला उतरून स्लो पकडायची, घर ते स्टेशन, स्टेशन ते हॉस्पिटल हे सगळं मिळून दीड तास तरी धराच. म्हणजे जाऊनयेऊन दिवसाला ८० मिनिटं जादा. महिन्याला २५ ड्युट्या धरल्या तर ३३ तास झाले. ते कुठून काढणार? झोपेतून किंवा मुलीच्या वेळेतून, तिसरी जागाच नाही. सकाळी सातच्या ड्युटीला पाच-सव्वापाचला घर सोडायचं आणि सेकंड शिफ्ट नऊला सुटली की हँडओव्हर देऊन, गाडी पकडून अकरा वाजता घरी यायचं, हे मिस्टरांसमोर एकदा कागदावर लिहून ठेवा. भांडायला नाही हो, हिशोबात यावं म्हणून.

आता बदलापूरच्या बाजूने पण बोलायला हवं. डोंबिवलीहून सकाळी गाडीत चढणं काय असतं ते तुम्ही रोज बघता, बदलापूरला सुटणारी लोकल मिळाली तर बसायला मिळतं, तेवढा तास पाठ टेकता येते आणि ड्युटीभर उभं राहणाऱ्या बाईला त्याची किंमत कळते. पण ती बदलापूरला सुटणारीच हवी, कर्जत-खोपोलीहून भरून आलेली नाही. आणि कल्याणच्या पुढे कर्जतच्या बाजूला लोकल आणि पुण्याकडच्या मेल-एक्सप्रेस, मालगाड्या सगळ्या त्याच दोन रुळांवरून जातात, त्यामुळे एक काहीतरी बंद पडलं की मागचं सगळं अडकतं. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या लाईनचं काम चालू आहे, मध्ये चिखलोली स्टेशन पण होतंय, ते झालं की फरक पडेल, पण तुम्हाला ड्युटी उद्या आहे. गर्दीचं म्हणाल तर जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ लोकलच्या दारातून पडून माणसं गेली ते तुमच्या लाईनवरचंच आहे, मी वेगळं काही सांगायला नको.

म्हणूनच मेट्रो आणि हायवेसाठी आजच्या भावात एक रुपया जास्त देऊ नका. कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रो १४ ची आखणी आहे, पण त्यावर गाडी धावताना तुमची मुलगी कितवीत असेल हे तो सेल्सचा मुलगा सांगू शकणार नाही. वडोदरा-मुंबई महामार्गाचं काम बदलापूरजवळून खरंच चाललंय, माथेरानच्या डोंगराखालून बोगदासुद्धा आहे, मोठं काम आहे. पण तो रस्ता जेएनपीटीकडे जातो, तुम्हाला सात वाजता मुलुंडच्या वॉर्डात पोचवत नाही. ज्या गोष्टी आज आहेत त्याचेच पैसे द्यायचे, येणाऱ्या गोष्टी आल्या तर आल्या.

नदीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण "नदीच्या बाजूला" हे तुम्ही अगदी सहज लिहिलंयत आणि ब्रोशरमध्ये ते रिव्हर व्ह्यू म्हणून छापलं असणार. उल्हास नदी लोणावळा-खंडाळ्याच्या डोंगरातून निघून कर्जत, नेरळ, वांगणी करत बदलापूरला येते. म्हणजे बदलापुरात पाऊस थांबला असला तरी वर घाटात कोसळत असेल तर पाणी काही तासांनी तुमच्याकडे येतंच. २६ जुलै २००५ सगळ्यांना आठवतो. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारभर माणसं एनडीआरएफने बोटीतून काढली, ती हीच नदी. जुलै २०२१ ला परत वेस्टला घरांत पाणी आलं. हेंद्रेपाडा, रमेशवाडी या बाजूला कोणत्याही किराणा दुकानदाराला विचारा, हाताने भिंतीवर दाखवेल इथपर्यंत होतं म्हणून.

जलसंपदा विभाग नदीच्या पूररेषा आखतो. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तुमचा प्लॉट कुठल्या रेषेच्या आत-बाहेर आहे ते नगरपरिषदेच्या नगररचना विभागात नकाशावर बघता येतं, सर्व्हे नंबर घेऊन जायचं. बिल्डरने दाखवलेल्या नकाशावर नाही, तिथल्या. दोन रेषांच्या मध्ये अटी घालून बांधकामाला परवानगी मिळू शकते, त्यामुळे "परवानगी आहे" म्हणजे "पाणी येत नाही" असा अर्थ होत नाही. आणि एक काम स्वतः करा. त्या कॉम्प्लेक्सच्या शेजारच्या पाचदहा वर्षं जुन्या बिल्डिंगच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये जाऊन उभ्या राहा. भिंतीवर एका उंचीपर्यंत रंग वेगळा किंवा फुगलेला दिसतो का बघा, लाईटचे मीटर कुठे लावलेत बघा. मीटरचं पॅनेल डोक्याच्या वर चढवलेलं असेल तर ते हौसेने चढवलेलं नसतं. वॉचमनला विचारा लिफ्ट किती दिवस बंद होती. टू बीएचके सहाव्या मजल्यावर आहे, पाणी आपल्यापर्यंत येणार नाही असं मिस्टर म्हणतील. घरात येणार नाही, बरोबर. पण लिफ्ट बंद, पंप बंद, लाईट बंद आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई सहाव्या मजल्यावर, तुम्ही मुलुंडला अडकलेल्या आणि मुलगी शाळेत, असा एक दिवस डोळ्यासमोर आणा. माझ्या मते वेस्टच्या या फ्लॅटचा विषय इथेच संपतो. तरी पैशाचं पण सांगते, कारण मिस्टरांना आकडे पटतील.

४२ लाख ही फक्त बोर्डावरची किंमत आहे. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत देते, म्हणजे ३३ लाख ६० हजार, आणि ८ लाख ४० हजार तुमचे. स्टॅम्प ड्युटी साधारण सहा टक्के धरा, अडीच लाख. रजिस्ट्रेशन ३० हजार. हे बँक कर्जात धरत नाही, हातातूनच जातात. इथेच तुमचे ९ लाख संपून वर सव्वादोन लाख कमी पडले, अजून जीएसटी आहे, पार्किंग आहे, मीटरचे, सोसायटीचे, आगाऊ मेंटेनन्सचे पैसे आहेत.

जीएसटीचं नीट ऐका. बांधकाम चालू असलेलं घर परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं तर १ टक्का लागतो, नाहीतर ५ टक्के. मुंबई महानगर प्रदेशात ती व्याख्या म्हणजे कार्पेट (घराच्या आतली वापरायची जागा) ६० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साडेसहाशे स्क्वेअर फुटांच्या आत, आणि एकूण किंमत ४५ लाखांपर्यंत. या एकूण किमतीत पार्किंग, डेव्हलपमेंट चार्जेस, क्लब हाऊसचे पैसे हे सगळं मोजलं जातं. मग ४२ चं घर अडीच लाखांच्या पार्किंगने आणि लाखभराच्या डेव्हलपमेंट चार्जेसने साडेपंचेचाळीस झालं की १ टक्क्याच्या जागी ५ टक्के, म्हणजे ४५ हजारांच्या जागी सव्वादोन लाख. त्यामुळे तो पार्किंगचा डिस्काउंट नेमका किती आणि शेवटची बेरीज किती हे लेखी मागा, तोंडी ऐकू नका. ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, मिळालेल्या घराला जीएसटी लागतच नाही, ही इस्टच्या वन बीएचकेची मोठी जमेची बाजू आहे.

आणि डिसेंबर २०२८ पर्यंत राहायचं कुठे? डोंबिवलीलाच, १४ हजार भाडं देत. तिकडे बिल्डर जसजसे स्लॅब टाकेल तसं बँक पैसे सोडणार आणि तुमचं प्री-ईएमआय व्याज चालू होणार. पूर्ण रक्कम गेली की साडेआठ टक्क्यांनी महिन्याला २३-२४ हजार नुसतं व्याज. ३८ हजार गेले ७८ मधून, आणि हातात अजून किल्ली नाही. पझेशन लांबलं तर रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांसाठी केलेल्या, कायद्याने व्याज मागता येतं, स्टेट बँकेच्या कर्जदरावर दोन टक्के धरून, पण ते मागायला तक्रार करावी लागते, तारखा पडतात, आदेश निघाला तरी वसुलीला परत कलेक्टर ऑफिस. नोकरी, नाईट ड्युटी, लहान मुलगी यातून तुम्ही ते करणार का, हे आधी विचारात घ्या.

"रेरा नंबर आहे म्हणजे सेफ आहे" असं तुम्हाला नक्की सांगितलं असणार. तुम्ही डोंबिवलीत राहता, तुमच्याच शहरातल्या ६५ इमारतींचं प्रकरण माहीत असेल. बनावट बांधकाम परवानग्या दाखवून रेरा नोंदणी मिळवली होती आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये हायकोर्टाने त्या पाडायचे आदेश दिले. त्या घरांत कर्ज काढून राहायला आलेली तुमच्या-माझ्यासारखी कुटुंबं होती. त्या बातम्या वाचताना मला फार त्रास झाला, कारण त्या लोकांनी आळस केला नव्हता, त्यांना कागद दाखवले गेले होते आणि कागदच खोटे होते. म्हणून रेरा नंबर महारेराच्या साईटवर टाकून बघायचाच, तिथे किती फ्लॅट विकले, कोणावर केसेस आहेत, जमिनीवर कुठल्या फायनान्स कंपनीचा बोजा आहे, पझेशनची तारीख किती वेळा पुढे ढकलली हे सगळं दिसतं. पण तिथे न थांबता बांधकाम परवानगीचा, म्हणजे सीसीचा, नंबर आणि तारीख लिहून घेऊन नगरपरिषदेत जाऊन ती खरंच त्यांनी दिलीय का आणि कितव्या मजल्यापर्यंत दिलीय हे विचारायचं. अर्ज करा, माहिती अधिकारात टाका, पण उत्तर हातात घ्या. नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर, आजूबाजूच्या गावांत कोणी ग्रामपंचायतीच्या परवानगीवर चार मजली उभी करून स्वस्तात देत असेल तर तिकडे फिरकूही नका. त्या बाजूला आदिवासींच्या, कुळाच्या आणि वर्ग दोनच्या जमिनी बऱ्याच आहेत, विकायला सरकारी परवानगी लागते, सातबारा आणि जुने फेरफार न बघता त्यात पडलं की वर्षानुवर्षं निस्तरत बसावं लागतं.

टोकनचं काय ते पण सांगून टाकते. रजिस्टर करारनामा झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त बिल्डरला घेता येत नाही. आणि टोकन चुकून दिलंच असेल तर वाटपपत्र (अलॉटमेंट लेटर) मागा, महारेराने दिलेल्या त्याच्या नमुन्यात १५ दिवसांच्या आत बुकिंग रद्द केलं तर काही कापायचं नाही असं आहे. बाकी, अक्षय्य तृतीया गेली की दसरा येतो, दिवाळी येते, पाडवा येतो. ऑफर कुठे जात नाही.

आता तुमचा इस्टचा वन बीएचके. ३४ लाखांवर इथेही ८० टक्के धरून कर्ज २७ लाख २० हजार, हप्ता वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी २३,६०० च्या आसपास. तुमचे ६ लाख ८० हजार, स्टॅम्प ड्युटी दोन लाखांच्या वर थोडी, रजिस्ट्रेशन ३० हजार. सव्वानऊ लाखांच्या जवळ गेलं. म्हणजे हे पण तुमच्या ९ लाखांत पूर्ण बसत नाही, आणि वकील, एजंट, रंगकाम, सामान हलवणं वेगळं. पण हप्ता चालू झाला की भाडं बंद, हा फरक मोठा आहे. भाव थोडा खाली येतो का बघा, रीसेलमध्ये समोरच्याला निकड असली की येतो.

पण जुनं म्हणून डोळे झाकून घ्यायचं नाही. पहिला प्रश्न ओसी आहे का. या पट्ट्यात वर्षानुवर्षं ओसीशिवाय लोक राहतायत, पाणी-लाईट आहे, घरपट्टी भरतायत, त्यामुळे सगळ्यांना ते चालतंय असं वाटतं. "घरपट्टी भरतो की आम्ही" हे ओसीला उत्तर नाही. दुसरं, सोसायटी रजिस्टर झालीय का आणि जमीन सोसायटीच्या नावावर आलीय का. आली नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्स, बिल्डरशिवाय जमीन नावावर करून घेण्याचा) अर्ज तरी केलाय का, कमिटीतल्या माणसाला विचारा, त्याच्या उत्तरावरून सोसायटी कशी चालते ते कळेल. विकणाऱ्याकडून पहिल्या खरेदीपासूनचे सगळे करारनामे, इंडेक्स टू (रजिस्ट्रेशनचा उतारा), शेअर सर्टिफिकेट ओरिजिनल बघा. त्याचं कर्ज असेल तर बँकेकडे बाकी किती ते पत्र घ्या. मालकीचा ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट तुमच्या वकिलाकडून काढा, एजंटने आणलेल्या वकिलाकडून नाही, चारपाच हजार जास्त गेले तरी जाऊ देत. ट्रान्सफर फीच्या नावाखाली लाखभर डोनेशन मागितलं तर देऊ नका, सरकारने त्याला कमाल मर्यादा घातलीय, महापालिका हद्दीत २५ हजार आणि नगरपालिकेत त्याहून कमी.

आणि पाणी. बदलापुरात पाणी जीवन प्राधिकरणाचं आहे, एरियाप्रमाणे वेळ आणि प्रेशर बदलतं. सोसायटीच्या ऑफिसात बसून गेल्या वर्षाचा हिशोब मागा आणि त्यात टँकरच्या नावाने काही खर्च आहे का ते बघा, विशेषतः मार्च ते जून. एप्रिल-मे मध्ये बदलापूर चाळीसच्या वर तापतं, वरच्या मजल्यावर पश्चिमेची भिंत असेल तर संध्याकाळी हात लावून बघा, मग ठरवा. घर बघायला एकदा रात्री पावणेअकराला पण जा, स्टेशनवरून चालत. तुम्ही सेकंड शिफ्टनंतर ज्या वेळेला याल त्याच वेळेला. रस्त्यावर लाईट आहे का, दुकानं उघडी असतात का, शेअर रिक्षा मिळते का, कुत्री किती आहेत. रविवारी सकाळी अकराला एजंटच्या गाडीतून बघितलेला रस्ता तुमच्या उपयोगाचा नाही.

तर माझं मत. वेस्टचं बुकिंग करू नका, आणि इस्टचं पण आत्ता लगेच करू नका. आधी बदलापुरात भाड्याने राहा, एक पावसाळा. इस्टलाच स्टेशनजवळ वन बीएचके बघा, ११ महिन्यांचा रजिस्टर करार करून. डोंबिवलीपेक्षा भाडं कमीच पडेल, चार-पाच हजार वाचले तर ते बाजूला पडू देत, स्टॅम्प ड्युटीला कमी पडतायत तेवढे अकरा महिन्यांत बऱ्यापैकी भरून निघतील. मुलीची शाळा जूनला बदलायची तर आत्ताच चौकशी करावी लागेल, अॅडमिशन त्या आधी बंद होतात. त्या एका वर्षात तुम्हाला कळेल की सात वाजताची ड्युटी जमते की नाही, जुलैमध्ये गाड्या किती दिवस बंद पडतात, सासूबाईंना कोणाची सोबत मिळते, डॉक्टर कुठे, भाजी कुठे. तो इस्टचा फ्लॅट तोपर्यंत गेला तर गेला, बदलापुरात रीसेलच्या वन बीएचकेची टंचाई नाही, आणि भाड्याने राहताना वॉचमन, कामवाली, दुकानदार यांच्याकडून जी घरं कळतात ती एजंटकडे येतच नाहीत.

आणि वर्षभरात असं लक्षात आलं की तुम्हाला हे झेपत नाहीये, तर ते पण उत्तरच आहे. मग अंबरनाथ, कल्याण पूर्व, डोंबिवलीचाच आतला भाग, छोटं घर, असं बघता येईल. किंवा कल्याण-उल्हासनगरकडे तुम्हाला चांगलं हॉस्पिटल मिळालं तर बदलापूर सोपं होईल. पण घर आधी घेऊन मग "जवळ कुठेतरी बघ ना नोकरी" असं होऊ देऊ नका. तुमच्या अनुभवाचे पैसे तुम्हाला आत्ता जिथे मिळतात तिथली सिनियॉरिटी सोडणं म्हणजे पगारातून हप्ता कमी करणं, आणि हप्ता दोघांच्या पगारावर काढलेला असेल. असं अर्ध्यावर नोकरी सोडलेल्या बायकांची पत्रं मला येतात, त्यात घराबद्दल एक ओळ असते आणि बाकी सगळं पत्र त्या नोकरीबद्दल असतं.

सासूबाईंना सांगताना "थांबूया" म्हणू नका, त्यांना ते "नको" असं ऐकू येतं. "आई, घर घ्यायचंच आहे, आधी त्या गावात राहून बघतो" असं सांगा. त्यांना सोबत घेऊन जा बदलापूरला, एक संध्याकाळ स्टेशन रोडला फिरवा, गावदेवीला नेऊन आणा, त्यांना काय वाटतं विचारा. दिवसभर त्या घरात त्याच राहणार आहेत आणि त्यांना अजून कोणी काही विचारलेलंच नाही असं मला पत्रावरून वाटलं. लिफ्टचं मिस्टरांना तुम्ही सांगण्यापेक्षा त्यांनी सांगितलेलं जास्त लवकर पटेल. मिस्टरांचं पण समजून घ्या, दहा-बारा वर्षं भाडं भरलेल्या माणसाला चकाचक सॅम्पल फ्लॅट बघून घाई होते, त्यांना तुमच्यासाठी मोठं घर हवंय म्हणूनच होते. त्यांना म्हणावं पास काढण्याआधी, टोकन देण्याआधी, एक आठवडा माझ्या ड्युटीच्या वेळेला बदलापूर-मुलुंड तुम्ही माझ्यासोबत येऊन बघा. पूर्ण आठवडा नाही जमला तर एक सोमवार तरी.

राहिलं नाव. महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सवलत आहे, ३४ लाखांवर ३४ हजार वाचतात. दोघांची नावं घातली तर ही सवलत मिळत नाही. तुमच्या एकटीच्या नावावर घेऊन मिस्टर सहकर्जदार राहू शकतात, बऱ्याच बँकांना चालतं, पण मग मालकी त्यांची नसल्यामुळे जुन्या कर पद्धतीत व्याजाची वजावट त्यांना घेता येणार नाही, दोघांपैकी कोण कुठल्या पद्धतीत रिटर्न भरतं ते आधी बघा. नंतर नाव वाढवायचं तर परत बक्षीसपत्र, परत रजिस्ट्रेशन. माझं विचाराल तर तुमचं नाव करारनाम्यात हवंच, एकटीचं असो की दोघांचं, आणि पहिलं हवं. हप्त्याचा निम्मा भाग तुमच्या पगारातून जाणार आहे आणि त्यासाठी रोजची गाडी तुम्हीच पकडणार आहात, हे मिस्टरांना आणि सासूबाईंना माझं नाव घेऊन सांगितलंत तरी चालेल. सर्च रिपोर्ट आला की त्यातलं काही कळलं नाही तर मला परत लिहा, ओसीचा फोटो पण पाठवा.